तळमजल्यावरचं पाळणाघर

वनमाला खरात मुलुंडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात नोकरीला लागल्या, तेव्हा तिथल्या व्यावसायिक विभागात पाळणाघर होतं ते फक्त परीक्षेपुरतं. बारावीच्या मुलींना बालसंगोपन आणि पाळणाघर व्यवस्थापन असा विषय होता. परीक्षक यायच्या दिवशी शिपाई आजूबाजूच्या चाळींतून पाच-सहा पोरं गोळा करून आणायचा. मुली त्यांना बिस्किटं चारायच्या, हातात फुगे द्यायच्या, परीक्षक गुण भरून निघून जायचे आणि पोरं आपापल्या घरी. बाकी वर्षभर मुली प्रकल्पाच्या वहीत चित्रं चिकटवायच्या. मूल कधी रांगतं, दात कधी येतात, सगळं सुवाच्य अक्षरात. पण प्रकल्पासाठी एखादं रडकं पोर कडेवर घेण्याची वेळ त्यांच्यावर कधी येतच नसे.

वनमालाबाईंना हे पहिल्याच वर्षी खटकलं. त्यांचं स्वतःचं लहानपण विक्रोळीला बांधकामांवर गेलं होतं. जालन्याकडून आलेली त्यांची आई, शांताबाई, दिवसभर घमेली वाहायची आणि वनमालेला वाळूच्या ढिगाशेजारी बसवून जायची. पायाला लुगड्याची चिंधी, चिंधीचं दुसरं टोक परांचीच्या बांबूला. शांताबाई पुढे हे हसत हसत सांगायची. "बांधली नसती तर मिक्सरखाली गेली असती. मग मॅडम कोण झालं असतं?" वनमालाबाईंना यात हसू कधीच आलं नाही.

त्यांनी तीन वर्षं हुज्जत घालून तळमजल्यावरची जुन्या बाकांची खोली मागून घेतली. बाक गच्चीवर गेले, खाली सतरंज्या आल्या. मग त्या संध्याकाळच्या वेळी डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीत फिरल्या. टॉवरमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बायकांना म्हणाल्या, "सकाळी पोर आणून सोडा, दुपारी घेऊन जा. फक्त माझ्या मुली त्याच्याबद्दल वहीत लिहितील, तेवढं चालवून घ्या." बायकांना काय, वहीत लिहा नाहीतर भिंतीवर लिहा.

तेव्हापासून बारावीच्या प्रत्येक मुलीच्या वाट्याला एक मूल यायचं. त्याला वर्षभर सांभाळायचं, त्याचं वजन घ्यायचं, त्याला काय येतं आणि काय येत नाही ते बघायचं, चिंध्यांचे बाहुले करायचे, दूध उतू जाऊ द्यायचं नाही. त्याच्यावर गुण. पहिल्या महिन्यात निम्म्या मुली शी धुवायला नाक मुरडायच्या. दिवाळीनंतर त्याच मुली एकमेकींशी भांडायच्या, तुझ्या पोरानं माझ्या पोराला चावलं म्हणून. असं वीसेक वर्षं चाललं. वनमालाबाईंच्या हाताखालून गेलेल्या पोरी परिचारिका झाल्या, अंगणवाडीत लागल्या, बऱ्याचशा नुसत्याच आया झाल्या. पण भेटल्या की आपल्या प्रकल्पातल्या मुलाचं नाव त्यांना आठवायचं.

मग मुली यायच्या कमी झाल्या. पाळणाघर शिकून काय मिळणार, हा प्रश्न आईबाप विचारू लागले. शेवटच्या वर्षी वर्गात चार मुली उरल्या. त्यातली एक भांडुपची तेजल परब. आजोबा कोकणातून येऊन गिरणीत लागलेले, वडील कुरिअरवाले, घरात अभ्यासाचं वातावरण म्हणावं असं काही नाही. तोंड मात्र तोफखान्यासारखं. तिच्या वाट्याला ओवी आली.

ओवी सुंदराबाईची मुलगी. सुंदराबाई अंबडकडची, नवऱ्यानं टाकलेली, सहा घरची कामं करणारी. ओवीला तीन वर्षं होत आली तरी ती बोलत नव्हती. कान ठीक, जीभ ठीक, दवाखान्यात सगळं बघून झालं होतं. "हिच्याशी दिवसभर बोलायला असतं कोण?" वनमालाबाई तेजलला म्हणाल्या. "तू बोल. तुला तेवढं येतं."

तेजल बोलत राहिली. डाळ भरवताना, केस विंचरताना, खिडकीतला कावळा दाखवताना तिची अखंड बडबड चालायची. बाकीच्या तिघी कान झाकायच्या. पावसाळा गेला, सहामाही गेली, ओवी नुसती बघायची. जानेवारीत एका सकाळी तेजल धावत वरच्या मजल्यावर आली आणि चालू तासात दारातूनच ओरडली, "मॅडम, नको म्हणाली! मी केळं दिलं तर मला नको म्हणाली!"

वनमालाबाई खडू तसाच टाकून खाली गेल्या. ओवी सतरंजीवर बसली होती. तिला केळं पुढं केलं. ती नीट, मोठ्यानं म्हणाली, "नको." त्या दिवशी तिला जे जे दिलं ते ते तिनं नको म्हणून परत केलं आणि खोलीतल्या सगळ्याजणी हसून हसून दमल्या. दुपारी सुंदराबाई न्यायला आली. तिला सांगितलं तर तिनं पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ ती दाराशीच उभी राहिली.

फेब्रुवारीत प्राचार्यांनी वनमालाबाईंना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आधी चहा मागवला.

"मॅडम, तुमच्या कामाबद्दल वाद नाही. पण चार मुलींवर विभाग चालत नाही. पुढच्या वर्षीपासून बंद. वरूनच आलंय. तुमची नोकरी आहे, काळजी करू नका. दोनच वर्षं राहिलीत ना? तुम्हाला व्यवसाय अभ्यासाचे प्रकल्प देऊ तपासायला."

"आणि खाली जी मुलं येतात ती?"

"ती आपले विद्यार्थी नाहीत, मॅडम."

हे खरंच होतं. कागदोपत्री तिथं पाळणाघर कधी नव्हतंच, एका विषयाचं प्रात्यक्षिक होतं. विषय गेला की प्रात्यक्षिक गेलं.

परीक्षा मात्र झोकात झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मुलींचं काम दोन तास बसून पाहिलं. ओवीनं त्यांच्या हातातला पेन मागितला, तोही शब्दांत. उद्योजकतेच्या तोंडी परीक्षेत तेजलनं स्वतःचं पाळणाघर काढायची योजना मांडली. खेळणी, दूध, मदतनीस, सगळा खर्च चोख. परीक्षक बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "जागेचं भाडं कुठाय गं?"

तेजल गोंधळली. "जागा आहे ना, मॅडम. ही."

परीक्षक बाई हसल्या, तेजलही हसली. वनमालाबाई तिथून उठून खिडकीपाशी गेल्या. तेजलला विषयात सर्वांत जास्त गुण मिळाले.

पुढच्या सोमवारी खोलीला कुलूप होतं. आयांना महिनाभर आधी सांगितलेलं होतं, दोनदा सांगितलेलं होतं. तरी त्या आल्या. फाटकाशी पोरं कडेवर घेऊन उभ्या राहिल्या, टिफिनच्या पिशव्यांसकट. वनमालाबाई फाटकाबाहेर आल्या. "अगं, सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं होतं," सुंदराबाई म्हणाली. "पण वाटलं, तुम्ही कायतरी कराल."

मग त्यांनी काहीतरी करायचं ठरवलं. वस्तीच्या तोंडाशी बुद्धविहार होतं, खाली छोटा हॉल. समितीनं एका शब्दावर किल्ली दिली. भांडुपच्या घरी वनमालाबाईंचे यजमान सीतारामराव, बेस्टच्या आगारातून निवृत्त झालेले, आधी करवादले, "वना, तू जगाचा ठेका घेतलायस का?" आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच झाडू आणि फिनेल घेऊन हॉल धुवायला गेले. उन्हाळ्याची सुट्टी होती. वनमालाबाई आणि तेजल दोघींनी मिळून मुलं सांभाळली. कॉलेजच्या खोलीतल्या सतरंज्या आणल्या, चिंध्यांचे बाहुले आणले. ओवी आता वाक्यं बोलायला लागली होती, तेजलसारखीच हात नाचवून. वनमालाबाईंना वाटू लागलं की जमतंय.

जूनमध्ये वस्तीच्या पुनर्विकासाचं घोडं अचानक दामटलं गेलं. किती वर्षं नुसती बोलणी चाललेली, ती एकदम ठरली. विहाराची ओळ पहिल्या टप्प्यात. समितीचे अध्यक्ष काशीराम गायकवाड घरी येऊन हात जोडून उभे राहिले. "मॅडम, नव्या इमारतीत विहाराला जागा आहे, नकाशात आहे. आपण पाळणाघराचं पण लिहून घेऊ." नवी इमारत कधी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि वनमालाबाईंनी विचारलं नाही. पंधरवड्यात हॉलच्या जागी पत्रे उभे राहिले.

आया पांगल्या. कुणी शेजारणीकडे पोर ठेवलं, कुणी मोठ्या मुलीची शाळा सोडवून तिला घरी बसवलं. सुंदराबाई काही दिवस ओवीला कामावर घेऊन जात होती. ओवीनं एका घरी काचेचं काहीतरी पाडलं आणि ते घर सुटलं. नंतर दुसरं. वनमालाबाई तिला शोधत तिच्या नव्या भाड्याच्या खोलीवर गेल्या, तेव्हा ओवीची पिशवी भरून तयार होती. आजीकडं अंबडला पाठवायचं ठरलं होतं.

"सुंदरा, थोडं थांब गं. पुढच्या वर्षी बालवाडीत जाईल. आत्ता कुठं बोलायला लागलीय. तिथं म्हातारी शेतात जाणार, ही एकटी बसणार. पुन्हा गप्प होईल."

"थांबते की," सुंदराबाई शांतपणे म्हणाली. "तोवर हिला कुठं ठेवू, तेवढं सांगा. तुम्ही सांगाल तिथं ठेवते."

वनमालाबाईंची कॉलेजची वेळ सकाळी सात ते दोन. सीतारामरावांचा उजवा गुडघा नुकताच बदललेला, ते भिंत धरून चालत होते. तरी त्या म्हणाल्या, "माझ्याकडं." सुंदराबाईनं नकारार्थी मान हलवली. "भांडुपला सोडून मुलुंडला कामावर सातला कशी पोचू? नका जीव लावून घेऊ, मॅडम." ओवी मधे म्हणाली, "मी एसटीत बसणार." तिला त्याचा आनंदच झाला होता.

तेजलला ऑगस्टमध्ये काम मिळालं. मुलुंडलाच, एका बड्या नावाच्या इंग्रजी बालवाडीत. वनमालाबाईंना केवढं बरं वाटलं. एका शनिवारी त्या तिला भेटायला गेल्या, तर तेजल मागच्या दारातून बाहेर आली. अंगात फिकट निळा कोट, हातात बादली.

"शिक्षिका म्हणून घेतलं ना गं तुला?"

"नाही मॅडम, हेल्पर. नाक पुसायचं, संडासला न्यायचं. त्यांचा वेगळा डिप्लोमा लागतो, आपलं सर्टिफिकेट त्यांनी बघितलं पण नाही." ती हसायला गेली. "आणि मुलांशी मराठीत बोलायचं नाही, असा नियम आहे. माझं इंग्लिश तर माहितीय तुम्हाला. म्हणून मी बोलतच नाही. दिवसभर गप्प. घरी गेल्यावर आई विचारते, बरं नाही का तुला?"

वनमालाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आतून कुणीतरी हाक मारली आणि तेजल पळाली. पुढं गणपतीनंतर तिनं ते सोडलं आणि घाटकोपरच्या मॉलमध्ये चपलांच्या दुकानात लागली. तिथं निदान बोलता येतं, असं ती फोनवर म्हणाली.

वनमालाबाई आता व्यवसाय अभ्यासाचे प्रकल्प तपासत होत्या. 'माझ्या परिसरातील लघुउद्योजक' असा विषय होता आणि साठ मुलांनी एकाच ठिकाणाहून उतरवलेली एकाच उद्योजकाची मुलाखत होती. त्यांनी एकाला विचारलं, "हा माणूस तुझ्या परिसरात कुठं राहतो रे?" तो म्हणाला, "मॅडम, तो नेटवर आहे." मुलगा उद्धट नव्हता. त्याला खरंच प्रश्न कळला नव्हता.

डिसेंबरात महाविद्यालयाच्या मूल्यांकनाला समिती येणार होती. प्राचार्यांनी पाळणाघराचे जुने फोटो मागवून घेतले. सभागृहात पडद्यावर ते एकामागून एक येत गेले: सतरंजीवरची मुलं, वजनकाटा, तेजलच्या मांडीवर ओवी. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'समाजाभिमुख उपक्रम'. समितीच्या प्रमुखांना फार आवडलं. "वा! हे कोण चालवतं?" वनमालाबाईंना उभं केलं गेलं.

"अजून चालू आहे ना?"

प्राचार्य त्यांच्याकडं पाहत होते. तरी वनमालाबाई म्हणाल्या, "नाही. बंद केलंय. खोलीत आता कॉम्प्युटर आहेत. मुलं कुठं गेली, त्यातल्या बऱ्याचशांचं मला माहीत नाही."

आता काहीतरी होईल असं त्यांना वाटलं. काय, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. प्रमुखांनी मान डोलावली. "पुन्हा सुरू करायला हवं. स्तुत्य आहे," म्हणाले आणि पुढचा फोटो आला, वृक्षारोपणाचा. जेवणात गुलाबजाम होते. महाविद्यालयाला चांगली श्रेणी मिळाली. वनमालाबाईंना कुणी बोललं नाही, जाब विचारला नाही, रागावलंही नाही. प्राचार्यांनी तर त्यांच्या हातात पेढा ठेवला आणि म्हणाले, "तुमच्या फोटोंचा मोठा वाटा आहे यात." घरी येऊन त्यांनी सीतारामरावांना हे सांगितलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या. कुकरची शिट्टी झाली, तेव्हा त्यांनीच भिंत धरत जाऊन गॅस बंद केला.

मार्चमध्ये रखवालदारानं त्यांना फाटकाशी बोलावलं. एक तरुण बाई उभी होती, नवी, मानखुर्दहून इकडं राहायला आलेली. कडेवर वर्षा-दीड वर्षाचं मूल, झोपलेलं. कुणीतरी तिला सांगितलं होतं की इथं पोरं सांभाळतात आणि चांगली सांभाळतात.

"आता नाही सांभाळत," वनमालाबाई म्हणाल्या.

"बरं. मग इथं जवळपास दुसरं कुठं आहे का, मॅडम?"

वनमालाबाईंनी डोळ्यांसमोर सगळं मुलुंड आणलं. स्टेशनपासून डोंगरापर्यंतची एकेक गल्ली, एकेक हॉल, ओळखीचं एकेक दार. बाई आशेनं त्यांच्या तोंडाकडं बघत थांबली होती.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "मला तरी माहीत नाही."

बाईनं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती उन्हातून डोंगराच्या बाजूला चालू लागली. तास सुरू व्हायची घंटा झाली. वनमालाबाई जिना चढून वर गेल्या.