क्रीम रंगाची कव्हरं

सीवूड्सच्या आमच्या बिल्डिंगसमोर टॉवर उभा राहिला आणि आमच्या हॉलमधलं ऊन कायमचं गेलं. पूर्वी सकाळी अकरापर्यंत ते दिवाणावर असायचं. आता भर दुपारी पेपर वाचायला ट्यूब लावावी लागायची. त्यात फर्निचर सगळं काळपट. सासरे तुर्भ्याच्या कारखान्यात नोकरीला होते, तेव्हा त्यांनी सुताराला घरी बसवून करून घेतलेलं. सोफा, दोन खुर्च्या, दिवाण, टीपॉय, सगळ्याला जवळजवळ काळंच पॉलिश. मळलेलं दिसत नाही, असं माझ्या सासूबाईंचं म्हणणं होतं म्हणे. सासूबाई गेल्या, पॉलिश राहिलं.

मी तशी तापट. डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती होईपर्यंत घरात कुणाला चैन पडू देत नाही. मी ठरवलं, हॉल उजळायचा. फर्निचर मजबूत होतं, टाकवत नव्हतं, म्हणून ते झाकायचं. भिंतींना ऑफव्हाइट रंग, पिवळसर उजेडाचे दिवे, फिकट पडदे, क्रीम रंगाचा गालिचा, आणि सोफ्यापासून टीपॉयपर्यंत सगळ्याला खाली जमिनीला टेकतील अशी क्रीम रंगाची कव्हरं. नवरा ऐरोलीच्या ऑफिसातून दमून यायचा, मी दाखवलेले फोटो बघायचा आणि म्हणायचा, "कर तुला हवं ते." तेवढं मला पुरेसं होतं.

सासरे मात्र आडवे आले. "भिंती रंगव, दिवे लाव. खुर्च्या राहू दे की काळ्या."

"बाबा, अंधारकोठडी झालीय नुसती. आलेली माणसं एकमेकांना दिसत नाहीत."

"राहू दे गं," ते पुन्हा म्हणाले. कारण काही सांगितलं नाही.

मला वाटलं, सासूबाईंच्या आठवणीसाठी चाललंय. दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी तोंड सुटलं. "तुम्हाला ना, नवीन काही नकोच असतं. या घरात माझ्या मनासारखं कधी काही होणारच नाही का?" हे बोलायला नको होतं. ते म्हणाले, "तुझंच घर आहे. कर."

काम संपलं तेव्हा हॉल ओळखू येईना. दिवे लावले की सगळीकडे साईच्या रंगाचा मऊ उजेड पसरायचा. मी सासऱ्यांना मुद्दाम हाताला धरून घेऊन आले. ते दारातच थांबले. "छान. लख्ख झालंय सगळं," म्हणाले. मी हरखून गेले. त्यांनी आत पाऊलच टाकलं नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं हॉलमध्ये येणं बंद झालं. चहा खोलीत, बातम्या मोबाइलवर. सोसायटीच्या बागेत रोज तीन फेऱ्या मारायचे, त्याही गुडघा दुखतोय म्हणून थांबल्या. रुसलेत, मी ठरवूनच टाकलं. आणि मी काय कमी आहे? चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवायचा आणि न बोलता निघून यायचं, असे पंधरा दिवस काढले. नवऱ्याला म्हटलं, "तुझे वडील फार ताणून धरतात हं." तो म्हणाला, "निवळतील."

एका दुपारी मी सोफ्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. अंगात नेहमीचा फिकट गाऊन. सासरे खोलीतून बाहेर आले. रुसवा निघाला वाटतं, असं मनात आलं, पण पहिलं त्यांनी बोलावं म्हणून मी गप्प राहिले. त्यांनी माझ्या दिशेने बघितलं आणि तिथे कुणीच नसल्यासारखे पुढे आले. एक हात भिंतीवर होता. मग भिंत सोडली, मोजल्यासारखी चार पावलं टाकली, वळले आणि आपल्या रोजच्या खुर्चीत बसायला गेले. खुर्ची हातभर बाजूला होती. ते सरळ खाली बसले, आपटलेच.

मी शेंगा टाकून धावले. "कोण?" त्यांनी विचारलं. मग माझा हात हाताला लागल्यावर म्हणाले, "तू होतीस होय इथे. काही नाही गं. खालीच बसायचं होतं मला."

मी त्यांच्यापासून दोन पावलांवर बसले होते.

काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपायची, एवढंच डॉक्टर म्हणाले. येताना रिक्षात सासरे आपणहून बोलले. "शंका होती मला. पण सांगितलं असतं तर तुम्ही एकट्याला बागेत जाऊ दिलं नसतं. हाताला धरून फिरवलं असतं. काळ्या खुर्च्या दिसायच्या गं. फरशी पांढरी, त्यावर काळं काही आलं की कळायचं, हा टीपॉय, हा दिवाण, आता डावीकडे दार. चाललं होतं माझं." आवाजात तक्रार अजिबात नव्हती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की रडूच आलं. ज्याला दिसत नाही अशा माणसाशी मी पंधरा दिवस अबोला धरला होता.

घरी आल्याआल्या सगळी कव्हरं काढली, गालिचा गुंडाळला. भिंती आणि दिवे राहू दिले. फिकट भिंतींपुढे ते काळं फर्निचर आता आधीपेक्षाही ठळक दिसत होतं. सासरे दारात आले, "हां," म्हणाले, सरळ चालत गेले आणि खुर्चीच्या हातावर नेमका हात ठेवून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांचा गुडघाही बरा झाला.

एक अडचण मात्र उरली होती. ती मी. त्या भिंतींपुढे फिकट गाऊनमधली मी त्यांना दिसायचे नाही, आणि विचारायचा त्यांना संकोच. मग मी बाजारातून चार गाऊन आणले, गडद निळा, चॉकलेटी, मरून आणि एक चक्क काळा. शेजारीण म्हणाली, "हॉल एवढा उजळलास आणि स्वतः हे कसले रंग घालतेस?"

"मळलेलं दिसत नाही," मी म्हटलं.

आता रोज सकाळी सासरे हॉलच्या दारात थांबतात, एकदा सगळीकडे बघतात आणि म्हणतात, "बसलीयेस होय?" मी हो म्हणते.