विसाव्या मजल्यावरची कडी

आखाडा बाळापूरच्या फाट्यावर पुण्याची ट्रॅव्हल्स येऊन थांबली तेव्हा आमची मेंढरं रस्त्यात होती. आबांनी ती मुद्दाम आणली नव्हती. दिवस कलला होता, रानातून परतायची वेळ तीच आणि वाटही तीच. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला. आबा हलले नाहीत. शेवटचं कोकरू कडेला लागेपर्यंत काठी आडवी धरून उभे राहिले आणि मग माझ्याकडं वळून म्हणाले, "चढ आता. तुझ्यासाठीच थांबून राहिली गाडी."

माय रडली नाही. तिनं भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं, पाण्याची बाटली पिशवीत कोंबली आणि म्हणाली, "पाणी पेत जाय बाई. कामाच्या नादात तहान मारू नको."

मी काचेतून मागं बघितलं. मेंढरं, आबा, माय, सगळं धुळीत एकच दिसत होतं.

गावाकडं अजूनही विचारतात, एवढं शिकून हिंगोलीत, नांदेडात काही मिळालं नसतं का? मिळालं असतं. नांदेडला सिव्हिलचा डिप्लोमा केलेल्या पोरीला कुठल्या तरी कार्यालयात खुर्ची मिळाली असती. पण मला बांधायचं होतं, आणि उंच बांधायचं होतं. आमच्या भागात तेव्हा पाण्याच्या टाकीपेक्षा उंच काही उभं राहत नव्हतं. आबांच्या मागं माळावर हिंडताना मी लांबून ती टाकीच बघत मोठी झाले. एवढं पाणी तिथं कसं टिकून राहतं, हे मला कोडं होतं.

पुण्यात वाकडला एका खोलीत आम्ही चार पोरी राहायचो. पहिल्या साइटवर गेले तेव्हा कुंपणाच्या पत्र्याच्या अलीकडं टॉवरचं काम आणि पलीकडं ज्वारीचं रान होतं. टॉवर वर चढत गेला तसं रान आखडत गेलं, आणि लोक कलश घेऊन राहायला आले तेव्हा तिथं दुसऱ्या बिल्डरचा पत्रा लागला होता. मग मी तिकडं गेले. माझं पुणं असंच सरकत गेलं. इथले लोक रस्ते, चौक, देवळं सांगून पत्ता सांगतात, मी मात्र स्लॅब सांगते. अमुक टॉवरच्या पार्किंगचा स्लॅब चालू होता तेव्हा मला पहिला पगार मिळाला, तमुकचं टेरेस झालं तेव्हा धाकट्या भावाचं लग्न झालं.

माझ्या बोलण्याचं हसं व्हायचं. "काँक्रीट येऊन राहिलं," असं मी वायरलेसवर म्हटलं की पलीकडून कुणीतरी चिडवायचं, "येऊन राहिलं की जाऊन राहिलं?" सुरुवातीला लाजायची. मग ठरवलं, स्लॅब वेळेत होतोय ना, मग तो होऊन राहिला तरी चालेल. वर्षभरात हसणारेही तसंच बोलायला लागले.

तिसरी साइट मोठी होती. खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर घरं. जाहिरातीत लिहिलं होतं की इथं राहणाऱ्याला कशासाठीही बाहेर जावं लागणार नाही. त्याच इमारतीत वर काम करणाऱ्या बाईला मात्र लघवीसाठी गेटपर्यंत जावं लागत होतं.

हे लिहिताना आजही हात थोडा अडखळतो, कारण असल्या गोष्टी आमच्यात बोलत नाहीत. पण निघून गेलेल्या लेकी कशा राहतात हे गावाकडच्यांना कळावं, आणि माझ्यासारख्या ज्या निघून आल्या त्यांना आपण एकट्या नाही हे कळावं, म्हणून लिहिते.

बायकांसाठी एकच संडास होता, गेटजवळच्या ऑफिसात. त्याची चावी ऑफिस सांभाळणाऱ्या पोराकडं. मी विसाव्या मजल्यावर. खाली जायचं तर लिफ्टची वाट बघायची. ती लिफ्ट म्हणजे इमारतीच्या बाहेरून वरखाली होणारा लोखंडी पिंजरा. त्यात आधी सिमेंट, मग टाइल्स, मग माणसं. उतरा, चावी मागा, या, परत रांगेत उभ्या राहा. तोवर वरून फोन यायचा, "मॅडम कुठं आहेत?" चार लोकांत काय सांगणार कुठं आहे ते. मग मी सोपा उपाय काढला. पाणी पिणं बंद केलं. सकाळी खोलीवरून निघताना घोटभर, की संध्याकाळी परत आल्यावर. मायचा फोन रोज यायचा आणि ती रोज विचारायची, पाणी पेते का. मी व्हय म्हणायची.

माझ्या मजल्यावर माल वाहणाऱ्या, पाणी मारणाऱ्या आठ-दहा बायका होत्या. त्यांची मुकादम कौसामावशी, वसमतकडची, हट्ट्याची. तिचं माझं पहिल्याच दिवशी जुळलं, कारण तिनं विचारलं, "कुठल्या तुमी?" आणि मी बाळापूर म्हटल्यावर तिनं घमेलं खाली ठेवून माझ्या गालावरून हात फिरवला होता. या बायका अर्धवट झालेल्या फ्लॅटमध्ये आडोशाला जायच्या. एक आत, दुसरी दाराच्या चौकटीत लुगडं आडवं धरून उभी. खालून वर येणाऱ्या पोरांना ते माहीत असायचं. कुणी मुद्दाम शीळ घालायचं, कुणी पाय वाजवत यायचं. लुगडं धरणारीनं मान खाली घालायची.

एका दुपारी स्लॅबच्या सळ्या तपासताना माझ्या कमरेतून अशी कळ गेली की मी तिथंच सळ्यांवर बसले. अंगात ताप होता. कौसामावशीनं मला आधार देऊन पिंजऱ्यातून खाली आणलं. दवाखान्यात निघालं मूतखडा आणि जंतुसंसर्ग. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?" मी म्हटलं, "सकाळी घोटभर, मग एकदम संध्याकाळी." त्यांनी कामाचं ठिकाण विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्यासारख्या बऱ्याच येतात," एवढंच म्हणाल्या.

मायला सांगावंच लागलं. ती दुसऱ्या दिवशी आबांना घेऊन पुण्यात हजर झाली. आठवडाभर दोघं आमच्या त्या खोलीत राहिले. मैत्रिणी शेजारच्या खोलीत दाटीवाटीनं झोपल्या. माय माझ्यासमोर तांब्या धरून बसायची आणि तो रिकामा झाल्याशिवाय उठायची नाही. एक दिवस सगळं बाहेर आलं. चावी, पिंजरा, लुगडं.

माय एकदम म्हणाली, "चाल घरी. न्हाई करायची असली नोकरी. काहून मरून राहिली तिथं?"

आबा खिडकीशी बसले होते. बाहेरच्या क्रेनकडं बघतच ते म्हणाले, "तिला इचार की. काम आवडत नसंल तर आजच निघू. काम आवडत असंल तर मंग संडासासाठी काहून यायचं परत?"

माय चिडली. "तुमाला काय जातं म्हणायला?"

"मला लई जातं," आबा म्हणाले.

मला तेवढं पुरलं. ते दोघं गेल्यावर मी कामावर हजर झाले आणि पहिल्यांदा प्रोजेक्ट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. त्यांना सगळे सर म्हणत. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. मी म्हटलं, वरच्या मजल्यांवर बायकांसाठी सोय पाहिजे. ते म्हणाले, "वर्षभरात बिल्डिंग संपतेय. कशाला आता? तुम्ही एक काम करा, ऑफिसची एक चावी तुमच्याकडेच ठेवा." आणि त्यांनी खणातून चावी काढून टेबलावर ठेवली.

चावी घेतली असती तर माझा प्रश्न अर्धा तरी सुटला असता. मी ती तिथंच राहू दिली. "सर, वर आम्ही सगळ्या आहोत," एवढंच म्हणाले आणि बाहेर आले.

दर सोमवारी सकाळी सगळ्यांना खाली जमवून सुरक्षेच्या सूचना द्यायचे. शेवटी विचारायचे, कुणाला काही अडचण? कुणी कधी बोलायचं नाही. त्या सोमवारी कौसामावशीनं हात वर केला. हेल्मेट तिच्या कपाळावर आलेलं, ते तिनं मागं सारलं.

"हाय ना अडचण. आमाला जायला जागा न्हाई. पोरं शिट्ट्या मारून राहिली. या म्याडम त्याच्यापायी दवाखान्यात पडल्या. तुमच्या घरच्या बाया आडोशाला जात्यात का, सायेब?"

सर म्हणाले, "बघू, करू काहीतरी."

दिवस गेले, काहीच झालं नाही. मग एका जेवणाच्या सुट्टीत आम्ही साऱ्या जणी पाण्याच्या टाकीपाशी बसलो. काम बंद करा, असं एकीनं सुचवलं. कौसामावशी नको म्हणाली. "काम बंद केलं तर उद्या दुसऱ्या बाया आणत्याल. काम करायचं. पर गेटवर जायचं, बराबर रांगेत, सगळ्यांनी मिळून. त्यांनीच सांगितलेली जागा हाय ना ती?"

मी डबा झाकला. मग म्हटलं, "मीही येते."

दुसऱ्या दिवसापासून एकीला जायचं झालं की आम्ही साऱ्या निघायचो. पिंजरा आमच्यानं भरायचा. खाली उतरून चावी मागायची, एकेकीनं आत जायचं, बाकीच्यांनी ओळीत उभं राहायचं आणि मग साऱ्या मिळून वर. घाई नाही, भांडण नाही. कुणी हटकलं की मावशी म्हणायची, "आमी कामाला न्हाई म्हणत न्हाई. जाऊन येतो." पहिल्या दिवशी टाइल्स खालीच राहिल्या. दुसऱ्या दिवशी स्लॅबची गडबड होती आणि गवंडी पिंजऱ्याकडं डोळे लावून बसले. मीही रांगेत होते, गळ्यात ओळखपत्र, हातात ड्रॉइंगची गुंडाळी. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण आता मी पाणी पीत होते, आणि त्यामुळे डोकं शांत होतं.

तिसऱ्या दिवशी सर स्वतः गेटवर आले. रांगेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "पाइप तर गेलेलेच आहेत ना सगळ्या मजल्यांवर?"

"गेलेत सर," मी म्हटलं. "पाणीही आहे. नुसतं भांडं आणि दार लागेल."

आठवड्याच्या आत प्लंबरनं विसाव्यावर एक संडास सुरू केला, खाली दर काही मजल्यांवर एकेक. दार साध्या प्लायवूडचं होतं. पहिल्यांदा कौसामावशी आत गेली. आम्ही बाहेर थांबलो. ती लवकर येईना, तशी एकीनं दार वाजवलं. आतून मावशीचा आवाज आला, "दम धर की! बसू दे जरा निवांत." बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "आतून कडी लागती गं माय," ती म्हणाली. आम्ही सगळ्यांनी मग उगाच ती कडी लावून काढून बघितली.

माझी नोकरी गेली नाही. पण काही महिन्यांनी माझी बदली झाली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मोशीच्याही पुढं, जिथं अजून नुसता खड्डा होता. ती शिक्षा होती हे मलाही कळलं आणि पाठवणाऱ्यांनाही. मी गेले. पायाभरणीच्या आधीच साइटच्या नकाशावर बायकांचे संडास आखले, आणि सहीसाठी नेला तेव्हा कुणी काही म्हणालं नाही. त्यानंतरच्या साइटवर तर मला आखावंही लागलं नाही. कुणीतरी आधीच ते काढून ठेवलं होतं. कौसामावशीची टोळी माझ्या मागोमाग मोशीला आली. तिची सून आता आमच्याकडं स्टोअर सांभाळते.

ती तिसरी इमारत आता गजबजलेली आहे. मी कधी त्या बाजूला गेले तर खालच्या दुकानांतून एक चक्कर मारते. वर कुणाच्या तरी घरात, चकचकीत टाइल्सच्या न्हाणीत, आमचं प्लायवूडचं दार होतं. त्यांना ते ठाऊक नाही, ठाऊक असायचं कारणही नाही.

गावी वर्षातून दोन-तीनदा जाते. कुरुंद्याला दिलेल्या बहिणीच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत असते, आबांची मेंढरं आता निम्मीच उरलीत, आणि माझ्याशी बोलताना शेजारच्या काकू जरा जपून शुद्ध बोलतात, ते मला टोचतं. पुण्यात मी हिंगोलीची, हिंगोलीत मी पुण्याची. निघून आलेल्या प्रत्येकाचं हे असंच होतं. पण मला त्याचं आता रडू येत नाही. ज्या जागी मी माझ्या गरजेसाठी तोंड उघडलं आणि माझ्याबरोबर आणखी आठ-दहा जणी उभ्या राहिल्या, ती जागा परकी कशी म्हणू?

परवा गावाहून परतले. मोशीच्या माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांचं कुलूप उघडलं आणि नेहमीसारखा मायला फोन लावला. इतकी वर्षं मी "रूमवर पोचले" असं सांगायची. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "माय, घरी पोचले गं."

मी जीभ चावली.

मग माय म्हणाली, "बरं झालं. आता दार लावून घे, अन् खाऊन घे काही."

मी दार लावलं आणि भात टाकला.