बारा किलोंची दोन समीकरणे

सकाळचे सहा चाळीस. बसवनगुडीतल्या एका गल्लीत कॉफीपूड विकणाऱ्या दुकानाचे शटर अर्धेच वर गेले आहे. आत महानंदा नाकातोंडाला रुमाल बांधून वजनकाट्यापुढे उभी आहे. ‘स्पेशल’ लिहिलेल्या डब्यातून आठ किलो पूड तिने मोजून परातीत ओतली आहे. आता ‘साधी’ लिहिलेल्या डब्यातून चार किलो मोजते आहे.

दुकानाचे मालक आप्पाजी खुर्चीत बसून बघत होते. वय एकाहत्तर. त्यांचे घराणे चार पिढ्या बेंगळुरूत आहे, घरात मराठी आणि दुकानात कन्नड.

“आठ नि चार?” ते म्हणाले. “माझ्या हातानं कधी असं काटा बघून घातलं नाही.”

“हात कुठं चुकला अण्णा? नाक चुकलं.”

“हां. ते तर तापातच गेलं.”

या दुकानात चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड, सुटी ठेवत नाहीत, कारण दमट हवेत तिचे खडे होतात. तिच्याऐवजी तयार मिश्रणाचे दोन डबे असतात. ‘स्पेशल’च्या एका किलोत शंभर ग्रॅम चिकोरी, ‘साधी’च्या किलोत चारशे. कोणाला यामधले काही हवे असले की दोन्ही डब्यांतले थोडे थोडे घेऊन मिसळायचे. आप्पाजी हे काम आयुष्यभर वासावर करत आले. मूठभर पूड नाकाशी न्यायची, “स्वल्प साधी घाल” म्हणायचे, पुन्हा मूठ. गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. तो उतरला, पण वास परत आला नाही.

त्यानंतर जवळच्या टिफिन रूमची, म्हणजे नाश्ता-कॉफीच्या हॉटेलाची, पूड दोनदा परत आली. तिथे एका वेळी बारा किलो जाते, वीस टक्के चिकोरीची. तिथली कॉफी सांभाळणारे अभिमन्यू स्वतः येऊन सांगून गेले, “काढा झालाय अण्णा. अजून एकदा असं झालं तर कंपनीची पाकिटं घेतो.” आप्पाजींनीही ठरवले की तिसऱ्यांदा पूड परत आली तर मिश्रण बंद करायचे आणि आपणही तयार पाकिटेच विकायची.

महानंदाला हे नको होते. ती या दुकानात सोळा वर्षे पॅकिंग करते. पाकिटे विकायची ठरली तर पॅकिंगही उरणार नव्हते. शिवाय मिश्रणाचे काम तिला आधीपासूनच हवे होते. आप्पाजींना तिने सांगितले, “या वेळचं मी करते.”

“कशानं? नाकानं?”

“बीजगणितानं.”

महानंदा निपाणीकडची. आठवीनंतर शाळा सुटली. यंदा चव्वेचाळिसाव्या वर्षी ती बाहेरून दहावीला बसते आहे. दुकानाच्या वरच्या मजल्यावर सुचेता भाड्याने राहते. ती पुण्याची, सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि दर रविवारी महानंदाला गणित शिकवते. मागच्या रविवारी महानंदाने पुस्तकातले उदाहरण बाजूला सारून टिफिन रूमची ऑर्डर मांडली. स्पेशल क्ष किलो, साधी य किलो. दोन अज्ञात संख्या, म्हणजे समीकरणेही दोन हवीत, हे तिला माहीत होते. तिने लिहिले:

क्ष + य = १२
२क्ष + २य = २४

दुसरे समीकरण पाकिटांचे होते. दुकानातली पाकिटे अर्ध्या किलोची असतात, म्हणून एका किलोची दोन आणि एकूण चोवीस. पहिल्याला दोनने गुणून तिने वजाबाकी केली. दोन्ही बाजूंना शून्य उरले.

“सगळंच उडालं, मॅडम. गणित मेलं का?”

“नाही हो, महानंदाताई. तुम्ही सेम गोष्ट दोनदा सांगितलीत. बारा किलो म्हणा नाहीतर चोवीस पाकिटं म्हणा, नवीन इन्फर्मेशन काय मिळाली?”

“मग दहा-दोन पण चालतं? सहा-सहा पण?”

“एक्झॅक्टली. या दोघांना इन्फिनिट उत्तरं आहेत.”

“अनंत कॉफ्या,” महानंदा म्हणाली. “अभिमन्यूअण्णा एकच घेतात.”

सुचेता हसली. “पण ते पूड परत का पाठवतात? वजन कमी भरलं म्हणून?”

“नाही. चिकोरी जास्त म्हणून.”

“मग ते लिहा ना!”

बारा किलोंचे वीस टक्के म्हणजे दोन हजार चारशे ग्रॅम चिकोरी. तेव्हा शंभर क्ष अधिक चारशे य बरोबर दोन हजार चारशे. शंभरने भागल्यावर राहते:

क्ष + ४य = २४

यातून पहिले समीकरण वजा केले की तीन य बरोबर बारा. म्हणजे साधी चार किलो आणि स्पेशल आठ.

आज सव्वासातला अभिमन्यू आले. त्यांनी पूड बघितली, पण मत दिले नाही. “फिल्टरला लावतो, मग सांगतो.” पुढचा तासभर महानंदा पाकिटे भरत होती आणि दोनदा तिने भरलेले पाकीट पुन्हा काट्यावर ठेवले. साडेआठला फोन वाजला. आप्पाजींनी उचलला, ऐकला, ठेवला.

“काय म्हणाले?”

“सरी म्हणाला. ठीक आहे, एवढंच.”

दुपारी एका गिऱ्हाइकाने लग्नघरासाठी बारा किलो मागितली, पाच टक्के चिकोरीची. महानंदाने पेन्सिल काढली. उत्तर आले: स्पेशल चौदा किलो, साधी उणे दोन. ती थांबली, पुन्हा करून बघितले, तेच आले. तिने गिऱ्हाइकाला सांगितले की स्पेशलमध्येच दहा टक्के चिकोरी आहे. दुसऱ्या डब्यातून भर घालून ती कमी होणार नाही. गिऱ्हाइकाने बारा किलो स्पेशल नेली.

“उणे दोन किलो कुठल्या डब्यात ठेवलेत गं?” आप्पाजींनी विचारले.

“तुम्हीच शोधा, अण्णा. वासानं.”

आप्पाजी इतके हसले की त्यांना खोकला आला. मग त्यांनी उद्याचे काम वाटून दिले. उद्या जयनगरच्या एका मेसची ऑर्डर आहे, नऊ किलो, तीस टक्के चिकोरी. मिश्रण महानंदा करेल. साडेसातपासून पॅकिंगला आप्पाजी बसतील.