कलम नऊ, माझ्याच अक्षरात

मधूने वही उचलली. नाकाशी नेली. हुंगली.

मग दोन बोटांत धरून ती सतरंजीच्या मधोमध ठेवली आणि म्हणाला, "कोळीवाड्याची सही झालेली दिसते."

ओसरीवर वीसेक जण होते. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं सांगताना मी स्वतःला बिचारा ठरवायला जाणार, मला माझी सवय माहीत आहे. तर, मी हसलो. एवढंच नाही, वही पुढे ओढून माझ्या सहीशेजारी चिकटलेला खवला नखाने काढला आणि लेंग्याला पुसला. जणू चूक माझी, आणि ती दुरुस्त करणाराही मीच. केवढा सद्गुणी.

ठाण्यात तेव्हा कॉलेज नव्हतं. ठाणे, डोंबिवली, कल्याणची आम्ही मुलं मुंबईला शिकायला जायचो. देशाची घटना नुकतीच लागू झाली होती, पहिली निवडणूक तोंडावर होती, आणि ती आपल्यावाचून कशी पार पडणार याची आम्हा प्रत्येकाला काळजी होती. त्या काळजीतून विद्यापीठातल्या आम्हा मुलांचं राजकीय अभ्यास मंडळ निघालं. दर रविवारी सकाळी नौपाड्यात मधूच्या घरी बैठक. मधूचे वडील वकील. ते मंडळाचे अध्यक्ष, कारण ओसरी त्यांची.

माझे वडील खाडीत होडी घालायचे. आय पाटी डोक्यावर घेऊन नौपाड्यात मासळी विकायची. वकिलांच्या घरी बुधवारी लागणारी पापलेटं आयच्याच पाटीतली. बुधवारी मागच्या दाराने आय, रविवारी पुढच्या दाराने मी. मला याचा अभिमान वाटायचा. एका पिढीत मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत आलो म्हणून. मधलं अख्खं घर त्यांचं होतं, ते मी मोजलं नव्हतं.

कुणी मला वेगळी कपबशी दिली नाही. शिवाशिव नाही, खाली बसवणं नाही. मधू माझ्या खांद्यावर हात टाकून बोलायचा. म्हणूनच कळायला वेळ लागला.

आणि मला मधूचा हेवा वाटायचा. साधा नाही. पोटात कालवण उतू जावं तसा. त्याच्या पेनचा हेवा, कारण ते गळत नसे. त्याच्या बसण्याचा हेवा. तो भिंतीला टेकून, एक पाय लांब सोडून बसायचा आणि तरी उद्धट दिसायचा नाही. मी तसा बसलो की पडल्यासारखा दिसायचो. तो "अध्यक्षमहाराज, हरकतीचा मुद्दा" म्हणायचा आणि समोरचे अध्यक्षमहाराज म्हणजे त्याचेच बाबा, पण दोघांच्याही चेहऱ्यावर रेष हलायची नाही. मी ते वाक्य खाडीच्या बांधावर एकट्याने म्हणून पाहिलं होतं. बगळे उडाले.

माझ्याकडे एकच गोष्ट होती. अक्षर. त्यामुळे मंडळाची नियमावली लिहायचं काम माझ्याकडे आलं. चर्चा सगळ्यांनी करायची, कलमं मी बांधायची. मी वर्तमानपत्रांतली घटनेवरची कात्रणं जमवली आणि देशाला जमलं ते आपल्याला का नाही, अशा थाटात बसलो. एकवीस कलमं. त्यातलं नववं मी फक्त मधूसाठी लिहिलं.

झालं होतं असं. महिन्यातून एकदा कामकाजाची सभा असे, तिची सूचना देण्यासाठी एक वही होती. ठाण्याबाहेरच्यांना पोस्टकार्ड जायचं. ठाण्यातल्यांकडे मात्र वही घरोघर फिरायची. दिगंबर आमचा चिटणीस, नौपाड्यातच राहणारा, मऊ स्वभावाचा. तो वही घेऊन निघायचा, प्रत्येकाने वाचून सही करायची. शेवटचं घर माझं. पण मधूकडे वही गेली की अडकायची. चार चार दिवस कॅरमबोर्डाखाली पडून राहायची. मधूची सही नसायची, तो सभेला उशिरा यायचा, आणि तरी तो आला की सगळे सरकून जागा करायचे.

म्हणून कलम नऊ. 'ज्या स्थानिक सभासदाची सूचनावहीत लागोपाठ तीन सभांसाठी सही नसेल, त्याचे सभासदत्व आपोआप रद्द समजण्यात यावे.'

'आपोआप' या शब्दावर मी दोन दिवस खूश होतो. मधूचा पत्ता कटेल आणि कापणारा कुणी दिसणार नाही. घरी मी हे कलम आयला वाचून दाखवलं. ती जाळं दुरुस्त करत होती. तिने विचारलं, सही करायची राहिली म्हणून कुणी घरचा माणूस बाहेरचा होतो का. मी तिला लोकशाही समजावून सांगितली. बराच वेळ.

नियमावली एकमताने मंजूर झाली. मधूने स्वतः माझी पाठ थोपटली. "कलमं काय बांधलीस रे," म्हणाला. आणि दुसऱ्या दिवसापासून तो नेमाने सही करू लागला. मला त्याचाही हेवा वाटला. याला सुधारणंसुद्धा इतकं सोपं.

त्याच्या पुढच्या महिन्यात ते वही हुंगण्याचं झालं.

त्यानंतर वही माझ्याकडे आली नाही.

पहिल्या वेळी माझ्या लक्षातही आलं नाही. सभा कधी आहे ते मला ठाऊक असायचं, मी प्रत्येक रविवारी तिथेच असायचो. दुसऱ्या महिन्यात मी दिगंबरला म्हटलं, वही आली नाही रे. तो म्हणाला, "तू तर आलास ना?" ते खरंच होतं. मी आलो होतो. मी विषय सोडला. तिसऱ्या महिन्यात विचारायची लाज वाटली. सारखं काय वही वही करायचं, हलक्या मनाचा दिसेन. मोठ्या मनाचं दिसण्याची हौस गरिबाला फार महागात पडते.

मग वार्षिक सभा आली. त्या सभेत चिटणीस निवडायचा होता, आणि नवा चिटणीस मुंबईला विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेत मंडळातर्फे बोलणार होता. दिगंबर शेवटच्या परीक्षेमुळे मोकळा होत होता. उभे दोघे. मधू आणि मी. कल्याण-डोंबिवलीची सात मुलं माझ्या बाजूची होती. ठाण्यातली चारपाच. मी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. जिंकत होतो. परिषदेतलं भाषण तयार होतं, पाठ होतं. वडिलांनी पेटीतून लग्नातला कोट काढून उन्हात घातला होता. कोळीवाड्यात चार घरांना कळलं होतं की आपला पोरगा मुंबईला विद्यापीठात भाषण करणार. ते भाषण मला हवं होतं. तहान लागावी तसं हवं होतं.

सभा सुरू झाली. मधू उठला.

"अध्यक्षमहाराज, हरकतीचा मुद्दा."

त्याने नियमावली उघडली आणि कलम नऊ वाचलं. माझ्या अक्षरातलं. सावकाश, प्रत्येक शब्दाला जागा देत. लाज वाटते सांगायला, पण मनात पहिला विचार आला तो असा, की किती छान वाचतोय. मला असं वाचता आलं नसतं.

मग त्याने सूचनावही उघडली. तीन पानं. तीन सभा. सगळ्यांच्या सह्या. माझ्या नावापुढे तीनदा कोरी जागा.

मी म्हणालो, वही माझ्याकडे आलीच नाही. मधू म्हणाला, त्याचा व्यक्तिशः माझ्यावर काही राग नाही, पण कलमात वही आली की नाही याचा उल्लेख नाही. सही आहे की नाही, एवढंच आहे. खरं होतं. मीच तसं लिहिलं होतं. पळवाट राहू नये म्हणून.

मी दिगंबरकडे पाहिलं. तो सतरंजीचा दोरा ओढत होता. थांबत थांबत त्याने सांगितलं ते असं. त्याच्या घरी सोवळंओवळं. शेवटच्या वेळी वही माझ्याकडून परत आली तेव्हा त्याच्या आईला वास आला. तिने वही अंगणात फेकली. म्हणाली, पुन्हा तिकडे जाऊन आलेली वही या घरात नको. "मी काय करणार होतो?" दिगंबर म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नव्हतं. तेवढं एक त्या दिवशी माझ्या नावावर जमा.

कल्याणला पोस्टकार्ड जात होतं. डोंबिवलीला जात होतं. चालत दहा मिनिटांवरच्या कोळीवाड्याला काही जात नव्हतं. आणि तिथूनच वकिलांकडे येणाऱ्या पापलेटांना कधी कुणी सोवळं विचारलं नव्हतं. हे मला त्या क्षणी एकदम दिसलं. वास वहीला नव्हता. वही कुठून आली याला होता.

वकीलसाहेब भले गृहस्थ. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, नियम तो नियम, पण मार्ग काढता येतो. मग माझ्याकडे वळून मायेने म्हणाले, "हे बघ बाळ, तुला खास बाब म्हणून सहयोगी सभासद करून घेऊ. मत देता येणार नाही, उभं राहता येणार नाही. बाकी सगळं तुझंच आहे. आणि आजचं इतिवृत्त तूच लिही. तुझ्यासारखं अक्षर कुणाचं आहे इथे?"

मधूने स्वतःचं पेन पुढे केलं. ते न गळणारं.

आणि मी ते घेतलं.

हा प्रसंग मी घरात मुलांना शंभरदा सांगितला असेल. दिवाळीत फराळ करताना, पाहुणे आले की. बगळ्यांवर सगळे हसतात, आयला लोकशाही समजावली तिथे तर फारच. पेन घेतलं इथे मी थांबतो. चिवडा पुढे करतो. धाकटी एकदा म्हणाली, "बाबा, मग तुम्ही लिहिलंत?" मी म्हटलं, चहा टाक. तिला उत्तर द्यायचं राहिलं, ते इथे देतो.

मी लिहायला लागलो. मथळा लिहिला. वार्षिक सर्वसाधारण सभा. स्थळ लिहिलं. वेळ लिहिली. खाली 'उपस्थित सभासद' असं लिहून रेघ मारली. मग नावं. मधूचं. दिगंबरचं. कल्याणच्या दोघांचं. गोल बसलो होतो, त्या क्रमाने लिहीत होतो. लिहीत लिहीत मी माझ्यापर्यंत आलो.

तिथे हात थांबला. मला स्वतःला सोडून पुढे जायचं होतं. माझ्या डावीकडच्यानंतर उजवीकडचा. मधे मी बसलेला, मांडीवर वही, आणि यादीत मी नाही. हे काम ते मला सांगत होते. आणि चांगल्या अक्षरात.

मी पेनाचं टोपण लावलं.

म्हणालो, "माझं नाव नसलेली यादी मी लिहिणार नाही."

वकीलसाहेब म्हणाले, बाळ, हट्ट करू नये. मी उभा राहिलो. म्हणालो, "इतिवृत्त लिहायचं असेल तर लिहा. वही कोळीवाड्यात नेली नाही. कुणी नेली नाही त्याचं नाव लिहा. ठाऊक असून कोण गप्प बसलं तेही लिहा. आपोआप काही झालेलं नाही."

मधू पहिल्यांदाच भिंतीचा टेका सोडून ताठ बसला होता. मी वही त्याच्यासमोर ठेवली, पेन वर ठेवलं, चपला घातल्या. मला वाटलं होतं, कल्याण-डोंबिवलीच्या सातांतला निदान एक तरी उठेल. मी चपलेत पाय घालायला जरा जास्तच वेळ लावला. कुणी उठलं नाही. मागून कपबशा वाजल्या.

मधू बिनविरोध निवडून आला. परिषदेत बोलला. चांगला बोलला म्हणे. कोट मी स्वतःच घडी करून पेटीत ठेवला. वडिलांनी काही विचारलं नाही. आयने विचारलं. मी सगळं सांगितलं, कलम कुणासाठी लिहिलं होतं तेसुद्धा. ती म्हणाली, "म्हंजे खड्डा तुजाच. दुसऱ्यानं पडावा म्हणून खणलास." आणि जरा थांबून, "पन त्यांनी तुला ढकललाय, ते इसरू नको." त्या बुधवारी ती वकिलांच्या मागच्या दारी गेली नाही. पुढेही कधी गेली नाही. जाऊ नको असं मी तिला सांगितलं नव्हतं.

आयचं दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही मी अजून वागवतो. कलम मधूवर लागलं असतं तर मी हसलो असतो, आणि 'आपोआप' हा शब्द मला आजही आवडला असता. तो हेवा माझा होता. त्याची मी माफी मागत नाही आणि त्याला झाकतही नाही. मधूचा हेवा मला आजही वाटतो. त्याला कधी स्वतःचं नाव वगळून यादी लिहायला कुणी सांगितलं नाही, याचा वाटतो.

पण त्या दिवसापासून एक पक्कं आहे. मत नाही तिथे मी नाही. पुढे नोकरीत, कामगारांच्या पतपेढीत, मच्छीमारांच्या सोसायटीत किती जणांनी मला सल्लागार केलं, मानद केलं, खास निमंत्रित केलं. मायेनेच केलं. मी प्रत्येकाला नाही म्हटलं. आणि जिथे सभासद आहे तिथे सभा सुरू व्हायच्या आधी उभा राहून विचारतो, सूचना कुणाकुणाच्या दारापर्यंत गेली, आणि शेवटच्या घरी कोण गेलं होतं. त्याचं नाव सांगा. नाव मिळेपर्यंत पहिला विषय पुकारू देत नाही. लोक घड्याळ बघतात. अध्यक्ष वैतागतात. खोळंबा होतो.

होऊ दे.