बेव्हनला जमलं, तुला का नाही

मंजिरीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि दारात उभी राहून मला स्वतःचं नाव सांगायची धडपड करत होती. दोन हजार दोन साल. मी फार्मसिस्ट म्हणून लीड्सच्या एका हॉस्पिटलात नुकतीच रुजू झाले होते आणि डॉ. कमलाकर सबनीसांनी मला रविवारी जेवायला बोलावलं होतं. "मी म्म्म्…" म्हणाली आणि तिचे ओठ मिटले ते मिटलेच. मान डावीकडे ओढली गेली, गळ्याची शीर तटतटून वर आली. मी उगाच हसत उभी. तेवढ्यात आतून आवाज आला, "मंजिरी! तिचं नाव मंजिरी. या, शिल्पा, आत या."

कमलाकर दुसऱ्या एका हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. अठरा वर्षं नोकरी करूनही ते कन्सल्टंट, म्हणजे सर्वांत वरच्या हुद्द्याचे डॉक्टर, झाले नव्हते. मागून आलेले गोरे ज्युनिअर पुढे गेले. कारण कुणी सांगितलं नाही, पण आपल्या उच्चारांनी घात केला असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. गाडीत रेडिओवरच्या बातम्या ऐकत, निवेदकामागोमाग एकेक शब्द घोळवत त्यांनी आपलं इंग्रजी इतकं गुळगुळीत केलं होतं की फोनवर त्यांना कुणी परका समजत नसे. अशा माणसाची एकुलती एक मुलगी तोतरी निघाली. हे आपल्याला मुद्दाम हिणवायलाच झालंय, असं त्यांना वाटे.

मंजिरी क्लिनिकमध्ये स्पीच थेरपीला जायची. तिथल्या बाईंनी एकदा तिला एक कागद दिला. तोतरेपणासह जगलेल्या नामवंतांची यादी होती ती. तू एकटी नाहीस, एवढंच त्या बाईंना सांगायचं होतं. कमलाकरांनी तो कागद प्लास्टिकमध्ये मढवून फ्रिजवर लावला. मेरिलिन मन्रोचं नाव काळ्या पेनाने खोडलं. "ही नटी आपल्याला नको." इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज ठेवला. ॲन्युरिन बेव्हन ठेवला, त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

तेव्हापासून रोज सकाळी टोस्ट खाण्याआधी मंजिरीने यादीतलं एक नाव आणि त्या माणसाबद्दल एक वाक्य मोठ्याने म्हणायचं, असा नियम झाला. अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा सकाळी त्यांच्याकडे होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. ती 'ब' वर अडकून होती. टोस्ट गार झाला होता. तिची आई सुप्रभा हातात लोण्याची सुरी घेऊन उभी होती.

"अहो, बस जाईल तिची," ती हळूच म्हणाली.

"जाऊ दे. बेव्हन तेराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरला. तोतरा होता. तरी पार्लमेंट गाजवलं. ही सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, त्याने उभी केली, जिच्या पगारावर ही टोस्ट खाते. बेव्हनला जमलं, तुला का नाही? पुन्हा म्हण."

बस गेली. मंजिरी पावसात पाऊण तास चालत कॉलेजला गेली. मी माझ्या गाडीतून सोडते म्हणाले, तर कमलाकर म्हणाले, "लाड नकोत."

पुढच्या वर्षी तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांनी तिचं भाषण ठेवलं. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता, दीडशे माणसं होती. विषय छापला होता, 'अडखळत थोर झालेले'. तिला विचारलं नव्हतं. तिने तीन आठवडे पाठ केलं. सुप्रभा सांगायची, खोलीत एकटी असली की सगळं घडाघडा म्हणते, एकदाही थांबत नाही.

स्टेजवर ती 'नमस्कार' वरच अडकली. पहिल्या रांगेतून कमलाकर मोठ्याने म्हणाले, "श्वास घे. पहिल्यापासून." तिने श्वास घेतला. पुन्हा अडकली. "पहिल्यापासून." असं सहा वेळा झालं. मागे पोरं तिची नक्कल करायला लागली. एक बाई त्यांना दटावत होत्या आणि त्यांचे स्वतःचे खांदे हसण्याने हलत होते. सुप्रभा पुऱ्या बघते म्हणून स्वयंपाकघरात गेली ती परत आली नाही. आणि मला ते सहन होईना, म्हणून मीच खालून ओरडले, "नमस्कार!" टाळ्या पडल्या. मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. तसं माझ्याकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही. बापाने तिला सहा वेळा हरवलं होतं, सातव्यांदा तो शब्द मी तिच्या तोंडातून काढून घेतला. ती भाषणाचे कागद नीट घडी करून खाली उतरली.

त्यानंतर ती घरात मराठी बोलेनाशी झाली, आणि इंग्रजीही जेमतेमच. मेडिकलच्या दोन इंटरव्ह्यूंतून रिकाम्या हाताने आली. शेवटी बायोमेडिकल सायन्स करून ती आमच्याच हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली. कमलाकर मंडळात कुणी विचारलं तर 'रिसर्चमध्ये आहे' असं सांगत. कामात ती अतिशय चोख होती. मशीनशी बोलावं लागत नाही, म्हणून ती तिथे खूश होती. एकच गोष्ट सोडून. रक्ताचा एखादा रिपोर्ट धोक्याचा निघाला की दहा मिनिटांत वॉर्डला फोन करून सांगायचं, असा लॅबचा नियम होता. ते फोन तिच्यासाठी तिच्या जोडीचा संजय करायचा. बदल्यात ती त्याचे कंटाळवाणे नमुने तपासायची.

दोन हजार आठच्या मार्चमधला शनिवार. दुपारी संजय जेवायला गेला होता. एका म्हाताऱ्या पेशंटच्या रक्तात पोटॅशियम सात पूर्णांक एक आलं. म्हणजे हृदय कधीही थांबेल. मंजिरीने फोन लावला. नर्सने उचलला. मंजिरीच्या तोंडून नुसता श्वास, घशातली घरघर. नर्सने ठेवून दिला. पुन्हा लावला. नर्स म्हणाली, "लाज वाटत नाही का रे, विकृत माणसा?" आणि आपटला. तिसऱ्यांदा उचललाच नाही.

मंजिरीने मशीनमधून रिपोर्टचा कागद फाडून घेतला आणि धावत सुटली. दोन मजले खाली, लांबच लांब कॉरिडॉर, चार मजले वर. मी फार्मसीच्या खिडकीतून तिला जाताना पाहिलं, मला वाटलं आग लागली. तिने कागद वॉर्डच्या डॉक्टरपुढे आपटला आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं. पेशंट वाचला.

सोमवारी तिला नोटीस मिळाली. चालू मशीन सोडून गेली, लॅब रिकामी ठेवली, फोनचा नियम पाळला नाही. नर्सला कुणी काही विचारलं नाही. उलट तिने ती गोष्ट कँटीनमध्ये रंगवून सांगितली. आठवडाभरात मंजिरीला सगळीकडे एक नाव पडलं, 'हेवी ब्रीदर', म्हणजे बायकांना फोन करून नुसते घाणेरडे श्वास सोडणारा. लिफ्टमध्ये ती आली की कुणीतरी मागून जोरात श्वास घ्यायचं.

चौकशीला सोबत एक माणूस आणायची मुभा होती. ती मला घेणार होती. पण कमलाकर सूट घालून आले आणि म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा, शिल्पा. तिथे बोलणारं माणूस पाहिजे." मी कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसले. आत काय झालं ते मंजिरीने मला नंतर सांगितलं.

मॅनेजर बाई प्रश्न मंजिरीला विचारत आणि उत्तर कमलाकर देत, त्या गुळगुळीत इंग्रजीत. "माझ्या मुलीला असं म्हणायचंय." "ती हे मान्य करते." नर्सने फोन ठेवला हे ती सांगायला लागली तर त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. मग ते म्हणाले, "एक डॉक्टर म्हणून सांगतो, हिला फोनच्या जबाबदारीवर ठेवणं ही चूकच होती. हिच्यात दोष आहे. हिला बाटल्या धुवायला ठेवा, पण काढू नका."

मंजिरी त्यांच्याकडे वळली. "ब्… ब्…"

"बाटल्या चालतील म्हणतेय ती," कमलाकर मॅनेजरला म्हणाले.

तिने नकारार्थी मान हलवली. पुन्हा सुरुवात केली. मॅनेजरने घड्याळ पाहिलं. अख्खं एक मिनिट लागलं असेल. "बाबा, बाहेर जा." पाच वर्षांत तिने त्यांच्याशी मराठीत काढलेले हे पहिले शब्द.

दार उघडलं. कमलाकर माझ्यासमोरून गेले. चेहरा लालबुंद. जाताना म्हणाले, "आता रडत बस म्हणावं तिला." लिफ्टची वाट न बघता ते जिन्याने उतरले.

मंजिरी आणखी पन्नास मिनिटं आत होती. तिने सगळं स्वतः सांगितलं. मॅनेजर मधे शब्द पुरवायला लागल्या की ती थांबायची आणि ते वाक्य पहिल्यापासून म्हणायची. त्या बाई शेवटी चिडून पेन टेबलावर वाजवत होत्या. निकाल काय लागायचा तोच लागला. लेखी ताकीद आणि नमुन्यांच्या बाटल्यांवर लेबलं लावण्याच्या कामावर बदली. पेशंट वाचल्याचा उल्लेख अहवालात एका ओळीत होता, आणि तिथेही श्रेय 'वॉर्डच्या तत्परतेला' दिलं होतं.

तिने लेबलं लावायचं काम एक वर्ष केलं. कमलाकर तिच्याशी बोलत नसत. ती टेबलाशी आली की उठून जात. सुप्रभा दोघांना वेगवेगळ्या वेळी ताटं वाढे आणि कुणालाच काही म्हणत नसे. मी एकदा तिला म्हटलं, "तू तरी बोल ना काही." ती म्हणाली, "मला तर काही व्यंगही नाही गं. तरी नाही बोलता येत."

नऊ साली मंजिरीला केंब्रिजच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जागा मिळाली. अर्जावरच तिने लिहिलं होतं की मी तोतरी आहे, मला फोनला वेळ लागतो. निघायच्या दिवशी कमलाकर ड्यूटी नसताना हॉस्पिटलात गेले. मीच तिला स्टेशनवर सोडलं. ट्रेन यायला अवकाश होता. ती इंग्रजी-मराठी मिसळून, थांबत थांबत म्हणाली, "मावशी, तो लिस्टवर एकही फेल झालेला माणूस नव्हता. फक्त जिंकलेले. मला वाटायची, हारलेले तोतरे लोक मरूनच जातात."

ट्रेन आली तेव्हा मी तिची बॅग आत चढवून दिली.

मंडळात आता कुणी विचारलं की कमलाकर म्हणतात, "मुलगी केंब्रिजला असते." समोरचा माणूस समजायचं ते समजतो, भुवया उंचावतो, अभिनंदन करतो. कमलाकर ते घेतात. मागच्या डिसेंबरात ते निवृत्त झाले तेव्हा मोठं जेवण होतं. मंजिरीला मीच कळवलं होतं. ती आली नाही, कार्डही पाठवलं नाही. सुप्रभाने तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती, ती कमलाकरांनी कोट टाकायला घेतली.

केंब्रिजमध्ये धोक्याचे रिपोर्ट ती स्वतः फोनवर देते. सुरुवातीलाच, "मी तोतरी आहे, फोन ठेवू नका," हे वाक्य म्हणते. तेच म्हणायला कधी कधी इतका वेळ लागतो की ते पुरं व्हायच्या आत लोक फोन ठेवतात. मग ती पुन्हा लावते.