आधी नाक, मग हात

“आधी नाक, मग हात,” एर्लेंड ड्रेव्हर नेहमी म्हणायचा. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधल्या फेरीबोटीचं इंजिन सांभाळताना डिझेलची गळती तो वासावरूनच पकडायचा. मग पवनचक्कीच्या विजेनं पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनवर चालणारी नवी बोट आली. पहिल्याच फेरीला तो सवयीनं नळी हुंगत बसला.

“काका, याला वास नसतो. गळती आता यंत्र सांगतं,” कप्तान इंगा हसली.

“मग मी कशाला इथं?”

इंगाचं हसू मावळलं. धुराड्याखाली पेला धरून तिनं ठिबकणारं पाणी त्याच्यापुढं केलं. “धुराऐवजी हे निघतं. हुंगा बघू.”

त्यानं हुंगलं. “कशाचाच वास नाही. इंजिनघर असं असावं म्हणून तर जन्मभर राबलो, इंगे. उद्या ते यंत्र शिकव मला.”

धक्क्यावरून तो घराकडं निघाला. इंगा कठड्याशी उभी राहून बघत राहिली.