ढालीमागं अडकलेला दुसरा धडा

माह्या बायकोचा आवाज रिसोडच्या बजारात सगळ्यात मोठा होता. आज कौतुकानं सांगतो, पण तवा मले त्याची लाज वाटे. आमच्या मळ्यातला सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, मेथी, वांगे पुढ्यात मांडून ती बसे, अन् असा पुकारा करे का रस्त्यापलीकडचा कापडवाला हातातलं काम सोडून पाहे. मी म्हणायचो, "अवं, हळू बोल ना. लोकं पाहून राह्यले." ती म्हणायची, "पाहू द्या. पाहतीन तवाच तं घेतीन." अन् लोकं घेतच. माह्या बी.ए.च्या डिगरीवर आमच्या घरची मेथीची एक जुडी कधी खपली नाही, हे मी कबूल करतो.

एका सकाळी ती भाकरी थापत होती. थापता थापता हात थांबला, तोंड एका अंगाले ओढल्या गेलं, अन् ती तशीच बाजूले कलंडली. लकवा. वाशिमले नेलं, तिथून अकोल्याले. जीव वाचला. पाय ओढत ओढत चालाले लागली, पण उजवा हात गेला अन् वाचा गेली. समजे सगळं. कोण आलं, कोण काय बोलून गेलं, दुधात पाणी किती, सगळं. फक्त शब्द निघत नव्हता. नुसता घशातून आवाज येई, मंग ती चिडून तोंड फिरवे. लिहिणं तिले तसंही सहीपुरतंच येत होतं, अन् सहीचा हातच गेला होता.

अकोल्याच्या दवाखान्यात वाचा शिकवणारी एक मॅडम होती. तिनं मले समोर बसवून सांगितलं, "पहिले तीन महिने फार महत्त्वाचे. या दिवसांत जेवढं करून घ्याल तेवढं येईल. नंतर येतं, पण फार हळू, आणि सगळं येत नाही." आठवड्यातून दोनदा या म्हणे. आता केनवडच्या अलीकडच्या आमच्या गावातून लकव्याच्या बाईले घेऊन निघाचं, वाशिमकडच्या मालेगावले गाडी बदलाची, अन् मळ्याले पाणी कोणी द्याचं? मी तसं म्हटल्यावर मॅडमनं तोड काढली. व्हिडिओचे धडे होते, एका साइटवर, एकामागं एक. पहिला पुरा झाला का दुसरा उघडते. सकाळ-संध्याकाळ करायचे, बस.

"मोबाईलचं तुमी माह्यावर सोडा, मॅडम," मी म्हटलं.

गावातले लोकं माह्यापाशी मोबाईल घेऊन येतात. कोणाचा फारम भर, कोणाचा पासवर्ड काढून दे. त्यानं मले मोठा गर्व चढला होता, अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस मी. बायकोच्या मोबाईलवर काही पाहाले गेलं का मधातच घाणेरड्या जाहिराती येत. लकव्याच्या आधी एकदा तिनं नवी शेगडी घ्याची गोष्ट काढली, तं दुसऱ्या दिवशी मोबाईलवर शेगड्याच शेगड्या. मले लय राग आला. आमच्या घरातलं बोलणं ऐकणारा तू कोण बे? मी धुंडाळून धुंडाळून एक ब्राउझर टाकला. वरच्या पट्टीत त्याचं ढालीचं चित्र. जाहिराती अडवते, मागावर राहणारे अडवते, अन् बंद केला का आतलं सगळं विसरून जाते. त्यात सेटिंगच्या जेवढ्या कड्या होत्या तेवढ्या मी सगळ्या लावल्या, अन् जुना ब्राउझर बंद करून टाकला. मॅडमचे धडेही त्याच ढालीवाल्यात लावून देले.

सकाळी मळ्यात जायच्या आधी मी मोबाईल साखरेच्या डब्याले टेकवून ठेवायचो, धडा चालू करायचो अन् निघायचो. व्हिडिओतली मॅडम म्हणे, "तोंड मोठं उघडा. आता म्हणा, आ..." बायको तोंड उघडे, मी चपला घाले. दुपारी आलो का विचारायचो, "केलं का?" ती मान हलवून हो म्हणे. "पुढचा धडा?" ती नाही म्हणे, मोबाईलकडं हात करे, अन् डाव्या हाताचं बोट हवेत गोल गोल फिरवे.

शेजारी माहे मोठे भाऊ राहतात. वहिनीनं ते गोल फिरणारं बोट पाहिलं अन् लगेच म्हणाल्या, "भाऊजी, नजर उतराले सांगून राह्यली ते. एवढा आवाज होता बजारात, लोकायची नजर लागणार नाही तं काय होईन?" आमच्याकडं नजर उतरवाची म्हणजे मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या मुठीत घ्याच्या, माणसावरून गोल ओवाळाच्या अन् चुलीत टाकाच्या. बी.ए. झालेल्या माणसाले हे पटाले नको. मले एका मिनिटात पटलं. रोज दिवे लागले का वहिनी मूठ घेऊन हजर. बायको मान जोरजोरानं हलवे, वहिनीचा हात झटके. एकदा तं सगळ्या घरात मिरच्या सांडल्या. "पाहा कशी जहाल नजर हाये, उतरू देत नाही," वहिनी म्हणाल्या. जेवढं ती बोट फिरवे, तेवढ्या मिरच्या वाढत गेल्या.

एक दिवस ती मोबाईल छातीशी धरून मळ्याच्या बांधापर्यंत आली. घामानं भिजली होती. तिनं मोबाईल माह्या हातात देला. मी चिखलाच्या हातानंच धडा चालू केला. मॅडम आली, "आ" म्हणाली, एकदम व्यवस्थित. मी मिनिटभर पाहिलं. "चालू तं हाये! काय झालं याले?" तिनं पुढं, पुढं, असा हात केला. तिकडं दांड फुटून पाणी भलत्याच वाफ्यात घुसून राह्यलं होतं. माहं डोकं सणकलं. "नाचता येईना, अंगण वाकडं!" मी ओरडलो. "तुले कराचंच नाही. जाय घरी!" ती थोडा वेळ उभी राह्यली, मंग गेली. तेवढ्या वाटेले तिले अर्धा घंटा लागे, हे मी तवा मनातही आणलं नाही.

मधात मॅडमचा फोन आला. "कुठपर्यंत आलंय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "मॅडम, 'आ'च्या पुढं गाडी जात नाही. आळस करते ती." मॅडम चांगली बाई. "रागावू नका त्यांना. जमेल तसं करू द्या," म्हणाली. पुण्याले नोकरी करणाऱ्या आमच्या पोरीलेही मी हेच सांगितलं. "तुही माय मनावरच घेत नाही वं." पोरगी फोनवर रडायची. "आई, माह्यासाठी कर ना. एकदा माहं नाव घेऊन दाखव ना." आई फोन कानाशी गच्च धरून ऐकायची, अन् फोन कट झाला तरी कानाशीच धरून बसायची.

तिसरा महिना सरत आला तवा माह्या पायावर कुदळ लागली, अन् मले तीन दिवस घरी बसा लागलं. मी खाटेवर, ती माह्याकडं पाठ करून मोबाईलसमोर. पहिल्यांदा मी तिले धडा करताना पाहिलं. तोंड असं फाडे का बाजूच्या शिरा वर येत. आ. ई. ऊ. "ऊ"ले ओठ गोल होत नव्हते तं डाव्या हाताच्या चिमटीत धरून गोल करे. मॅडमनं दहादा म्हणाले सांगितलं तं ही पंधरादा म्हणे. पदरानं लाळ पुसे अन् पुन्हा म्हणे. अन् हिले मी गावभर आळशी म्हणून सांगत फिरलो होतो.

धडा संपला. मॅडम म्हणाली, "छान! आता दुसरा धडा." पडदा काळा झाला, अन् मधात एक पांढरं चक्र फिराले लागलं. गोल, गोल, गोल. बायको त्याच्याकडं पाहत बसली. मोप वेळ बसली. मंग तिनं सगळं बंद केलं, पुन्हा उघडलं, अन् पुन्हा पहिल्यापासून, आ.

मी खाटेवर उठून बसलो. "अवं, रोज असंच होते काय?"

ती वळली. तिनं बोट वर केलं, अन् हवेत गोल फिरवलं.

मी लंगडत उठलो. नेट पाहिलं, चांगलं होतं. मोबाईल बंद करून चालू केला. ब्राउझर अपडेट केला. साठलेला कचरा पुसला. चक्र तसंच. मंग माह्या मोबाईलवर, साध्या ब्राउझरमध्ये, तीच लिंक उघडली. पहिला धडा संपला का दुसरा पटकन सुरू. "घरातल्या वस्तूंची नावं घेऊ या," मॅडम म्हणाली. मी दोन्ही मोबाईल शेजारी शेजारी ठेवले, तवा माह्या टाळक्यात उजेड पडला. पहिला धडा झाला ही खूण त्या साइटीले मोबाईलमध्ये ठेवा लागे. माह्या ढालीवाल्यानं ती खूण चोर समजून बाहेरच अडवली. हिनं जीव तोडून पहिला धडा कराचा, अन् साइटीनं म्हणाचं, ही बाई तं आजच आली. मी ढालीच्या चित्रावर बोट ठेवलं. तिथं एक बटण होतं, या साइटपुरती ढाल बंद कराचं. ते दाबलं, विसराची कडी काढली, अन् दुसरा धडा सुरू झाला. एक बटण, लेको! त्या एका बटणापायी मी तिचे अडीच महिने मातीत घातले.

मॅडमनं पेला दाखवला. "म्हणा, पेला." बायकोनं तोंड उघडलं, अन् "आ" निघालं. मंग तिनं मले मारलं. डाव्या हातानं, खांद्यावर, छातीवर, जिथं लागन तिथं. मी हललो नाही. मारता मारता ती रडाले लागली, अन् मीही रडलो. "माही चूक झाली वं," मी म्हटलं. अंगण खरंच वाकडं होतं, अन् ते माह्याच हातानं वाकडं झालं होतं.

त्या दिवसापासून तिनं सगळे धडे केले, एकही सोडला नाही. थोड्या दिवसांनी आमी अकोल्याले गेलो. मॅडमनं चित्रं दाखवली, शब्द विचारले, वहीत लिहिलं. मंग पेन खाली ठेवून म्हणाली, "सुरुवातीलाच एवढं केलं असतं तर..." अन् थांबली. ढालीची गोष्ट माह्या जिभेवर आली होती. मी गिळली. मालेगावच्या स्टँडवर गाडीची वाट पाहताना बायकोले उसाचा रस पाजला, तिनं अर्धा पेला माह्या हातात देला. मले तो रस गोड लागला नाही.

आता तिले आठ-दहा शब्द येतात, तेही अर्धे. पाणीचं "पाई". नाहीचं "ना". बजारात आता मी बसतो अन् ती बाजूले जुड्या लावून देते. माह्या तोंडातून पुकारा निघत नाही, चार वाजले तरी निम्मा सांबार तसाच राहते. गिऱ्हाईक विचारतात, "बाई आज कायले गप्प हायेत?" मी म्हणतो, तब्येत बरी नाही. वहिनी अजूनही म्हणतात का नजर लय जहाल होती. मी हो म्हणतो. मले सोयीचं पडते ते.

दिवाळीले पोरगी घरी आली. सकाळी चहा घेऊन आईच्या पुढ्यात बसली, तिचा डावा हात हातात घेतला अन् म्हणाली, "आई, माहं नाव घे ना. एकदाच." बायकोनं तोंड उघडलं. ओठ हलवले, जीभ हलवली, डोळ्यात पाणी आलं. "आ," निघालं. पुन्हा केलं. "आ." पोरीचं नाव त्या अक्षरानं सुरूही होत नाही.

पोरीनं हात सोडला. "तवा थोडी मेहनत घेतली असती तं आज घेतलं असतं ना नाव! बाबा रोज सांगत होते तुले. रोज! काहून नाही केलं तू?"

बायकोनं मान वळवून माह्याकडं पाहिलं. ती वाट पाहून राह्यली होती, मी बोलाची वाट. खोलीत आमी तिघंच होतो, अन् सांगाले दोन वाक्यं पुरली असती.

"जाऊ दे वं बाई," मी म्हटलं. "झालं ते झालं. आईले आता काही बोलू नको."

पोरीनं डोळे पुसले. माह्या हातावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, तुमी किती समजून घेता तिले."

बायको अजून माह्याकडंच पाहत होती. मी चहाचा कप उचलला अन् तोंडाले लावला.